नाटोत कोण किती भार उचलतं, हे कसं तपासायचं

आधी दोन खाती वेगळी करा. नाटोचा सामाईक निधी म्हणजे सदस्यांच्या एकूण संरक्षण खर्चाचा जेमतेम 0.3 टक्के, त्याची वर्गणी ठरलेल्या सूत्राने पडते. वाद असतो तो प्रत्येक देशाच्या स्वतःच्या खर्चाचा. ‘अमक्याने नाटोचे पैसे थकवले’ हे विधान इथेच चुकतं.

मग तो खर्च जीडीपीशी ताडा. 2014 मध्ये वेल्सच्या नाटो शिखर परिषदेत 2 टक्क्यांचं उद्दिष्ट ठरलं. 2025 मध्ये हेगच्या परिषदेत 2035 पर्यंत 5 टक्के, त्यात 3.5 थेट संरक्षणावर आणि 1.5 पूरक कामांवर. आकडे नाटोच्याच व्याख्येचे घ्या, कारण त्यात सैनिकांची पेन्शनही धरतात. जीडीपी घसरला तर खर्च न वाढताही टक्का चढतो, म्हणून रक्कमही पाहा. संरक्षण खर्चातले किमान 20 टक्के शस्त्रसामग्रीवर जातात का? नुसत्या पगारांतून रणगाडे उभे राहत नाहीत.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती जोखीम. अफगाणिस्तानात काही देशांनी आपल्या तुकड्यांना ठरावीक प्रदेशाबाहेर लढायला मनाई केली होती. हेलमंड-कंदाहार या दक्षिणेकडच्या प्रांतांतल्या लढाईची झळ मग अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन, डॅनिश सैनिकांनी सोसली. डेन्मार्कने 40 हून अधिक जवान गमावले. हा आकडा त्याच्या लोकसंख्येशी ताडून पाहाच.