शटर अडकलं की आधी कान लावा

मागच्या जुलैत रात्री पावणेतीनला बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, धाप लागली. बाहेर धो धो पाऊस. नेरूळच्या आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये गाडी आत अडकलेली आणि मोटरचं शटर जमिनीला टेकलेलं. रिमोट दाबला, भिंतीवरचं बटण दाबलं. वरून नुसती घूंऽऽ. वीस मिनिटं अशीच गेली. शेवटी शेजारचे काका धावत आले, मोटरच्या मागे गुंडाळून ठेवलेली साखळी त्यांनी सोडवली आणि ओढत ओढत शटर वर घेतलं. ती साखळी सहा वर्षं आमच्या डोक्यावर होती आणि ती कशाला असते हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं. बाबा त्यातून सावरले. मी मात्र दुसऱ्याच आठवड्यात वायरमनच्या शेजारी उभी राहून सगळं समजून घेतलं.

तेव्हा पहिलं काम साखळीचं, आणि ते शटर बिघडायच्या आधी करायचं. उजेड असताना शटरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा वीज तोडणारा खटका, पाडा. साखळीची एक बाजू ओढली की शटर वर जातं, दुसरी ओढली की खाली येतं. घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी ओढून बघावं. आमच्या सासूबाईंनीही ओढली. बऱ्याच साइड मोटरना, म्हणजे शटरच्या एका बाजूला बसवलेल्या मोटरना, साखळीखेरीज एक बारीक दोरी किंवा तार लोंबत असते. ती ब्रेक सोडते, म्हणजे ओढली की शटर स्वतःच्या वजनाने खाली येतं. त्या वेळी खाली माणूस तर नकोच, स्कूटरचं चाकही नको. पाइपच्या आत बसणारी ट्यूब मोटर असेल तर तिला साखळी नसते. हाताने फिरवायचं हँडल मिळालेलं असतं. ते माळ्यावर टाकू नका, शटरशेजारी खिळ्याला अडकवा.

आता बिघाड. बटण दाबा आणि ऐका.

काहीच आवाज नाही? मग आधी एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा खटका, बघा. पावसात पाणी झिरपलं की आरसीसीबी पडतो. एकदा वर करूनही पुन्हा पडला, तर परत हात लावू नका, वायरमनलाच बोलवा. लाइट आहे, भिंतीचं बटण चालतं, फक्त रिमोट चालत नाही, तर रिमोटचा सेल बदला. हा १२ व्होल्टचा छोटा सेल असतो, २३ए किंवा २७ए नंबरचा. दोन्हींची जाडी वेगळी, म्हणून जुना सेल दुकानात घेऊन जा. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासतात, तसं इथे होत नाही, कारण हा रेडिओवर चालतो, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर. सेल नवा असूनही अगदी जवळ गेल्यावरच चालत असेल, तर कंट्रोल बॉक्समधून निघालेली साधारण १७ सेंटिमीटरची सुटी वायर बघा. ती अँटेना आहे. रंग देताना कुणीतरी ती गुंडाळून आत कोंबते.

मुलांनी पाच-सहा वेळा वरखाली करून मोटर गप्प झाली असेल, तर ती तापून स्वतःहून थांबली आहे. ट्यूब मोटर सलग चारेक मिनिटंच चालायला बनवलेली असते. अर्धा तास सोडून द्या.

घूंऽऽ आवाज येतो पण शटर हलत नाही, हे आमच्याकडे झालं होतं. इथे बटण दाबून धरू नका, दोन सेकंदांत सोडा. नाहीतर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, जळतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो. एमसीबी पाडून साखळी ओढा. हलकी चालली तर बहुतेक कंडेन्सर, म्हणजे मोटर सुरू करून देणारा छोटा डबा, गेला. जड लागली तर शटर कुठेतरी अडकलं आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळीकडे एसी सुरू असताना व्होल्टेज उतरलं तरी मोटर अशीच घुरघुरते, तेवढं ध्यानात ठेवा. आमचा कंडेन्सर निघाला तेव्हा त्याचं डोकं पुरीसारखं फुगलेलं होतं आणि बुडाशी तेलकट ओघळ होता. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नकोत. पण तो स्वतः काढायला जाऊ नका. वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो आणि चांगला झटका देतो.

करकर आवाज करत, थांबत थांबत चालतं, तर दोष बाजूच्या चॅनलमध्ये, म्हणजे शटर ज्यातून सरकतं त्या खाचेत, शोधा. पाम बीच रोड आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजतं. मी जुन्या टूथब्रशने चॅनल घासते, कोरड्या फडक्याने पुसते आणि मेणबत्ती फिरवते. ग्रीस लावू नका. त्याला धूळ चिकटून महिन्याभरात काळा चिखल होतो. शटरची एखादी पट्टी बाजूला सरकून चॅनलला घासत असेल तर तिथेच थांबा, शटर चालवूच नका.

वर जातं पण खाली येत नाही, तर मध्ये काही आलं की शटर थांबवणारे समोरासमोरचे दोन सेन्सर पुसा. कोळ्याचं जाळं, सायकलचा धक्का, पश्चिमेचं ऊन, एवढंही पुरतं. खाली येताना फट राहते किंवा वर जाऊन आदळतं, तर लिमिट, म्हणजे शटरने वर-खाली कुठे थांबायचं ती खूण, सरकली आहे. ती वायरमनकडून लावून घ्या.

स्प्रिंगला मात्र कुणीच हात लावायचा नाही. घोडबंदर रोडकडच्या काही बंगल्यांत छताला समांतर सरकणारे दरवाजे असतात, त्यांची स्प्रिंग प्रचंड ताणलेली असते. सुटली तर हात मोडते.

शटरवाल्याला फोन कराल तेव्हा ‘बंद पडलंय’ एवढ्यावर थांबू नका. ‘साइड मोटर आहे, घूं आवाज येतो, साखळी हलकी चालते’ असं सांगा. मोटरवरच्या पट्टीवरचा नंबर आणि कंडेन्सरवरचा आकडा यांचा फोटो आधीच काढून ठेवलेला असेल तर तोही पाठवा, म्हणजे माणूस कंडेन्सर घेऊनच येईल.