जुन्या पोस्टकार्डाचं वय कसं ओळखावं?

जुन्या बाजारात एक रंगीत कार्ड हाती लागतं. तळ्याकाठचा बॅन्डस्टँड, म्हणजे बँड वाजवायचा मंडप, समोर बाकांच्या रांगा, खाली बारीक अक्षरांत ‘विलो ग्रोव्ह पार्क, फिलाडेल्फिया’. हे कधीचं असेल?

चित्र कितीही मोह पाडत असलं तरी आधी कार्ड उलटा. खरी जन्मतारीख पाठीवर सापडते. अमेरिकेत 1 मार्च 1907 पर्यंत पाठीवर फक्त पत्ता लिहिता येत असे. मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने बसवावा लागे. म्हणजे पाठीवर मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी मधली उभी रेघ नसेल, तर कार्ड बहुधा त्याआधी छापलेलं. ‘प्रायव्हेट मेलिंग कार्ड’ असं छापलेलं असेल तर 1898 ते 1901. ब्रिटनमध्ये ही रेघ 1902 मध्येच आली, त्यामुळे तिथल्या कार्डांना अमेरिकेचा हिशोब लावू नका.

मग टपालाचा शिक्का वाचा. त्यावरून कार्ड केव्हा पाठवलं ते कळतं, केव्हा छापलं ते नाही. कार्डं दुकानात वर्षानुवर्षं पडून राहत.

आता कार्ड खिडकीपाशी तिरपं धरा. कापडासारखी वीण दिसली तर ते 1930 नंतरचं. गुळगुळीत आणि चारी बाजूंनी पांढरी किनार असेल, तर साधारण 1915 ते 1930.

यानंतरच चित्राकडे वळा, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगांचे ठिपके दिसले तर ती छपाई. ठिपके नसून सलग करडी छटा असेल तर तो खरा फोटो. छापील कार्डावरच्या रंगांवर मात्र भरवसा ठेवू नका. मूळ फोटो काळा-पांढरा असे आणि रंग छापखान्यात चढत. माझ्याकडे एकाच बॅन्डस्टँडची दोन कार्डं आहेत, एक दुपारचं, एक चांदण्या रात्रीचं. भिंगातून पाहिलं तर दोन्हींत तीच बाई, तीच छत्री, तीच पावलं. रात्रीच्या कार्डावर चंद्र आहे, पण तिची सावली अजून दुपारचीच! ती सावली मी कितीतरी वेळ पाहत बसले होते.

शेवटी बागेच्या इतिहासाशी ताळा जमवा. विलो ग्रोव्ह 1896 मध्ये सुरू झालं. ते उभारलं ट्रॉली, म्हणजे विजेवरची ट्राम, चालवणाऱ्या कंपनीने, लोकांनी सुट्टीच्या दिवशीही ट्रॉलीत बसावं म्हणून. प्रसिद्ध अमेरिकन संगीतकार जॉन फिलिप सूझाचा बँड 1901 ते 1926 या काळात जवळजवळ दर उन्हाळ्यात तिथे वाजला. 1975 मध्ये बाग बंद पडली. आज त्या जागी मॉल आहे.

कार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको. फाटलं असलं तरी चिकटपट्टी लावू नका, तिचा पिवळा डाग निघत नाही. आणि स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या.