पोरगं झोपेत अंथरूण ओलं करतं? गादी राहू द्या, आधी पोराकडे बघा

नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीत गोधडी दोन दोन दिवस वाळत नाही. सिडकोतल्या आमच्या गॅलरीत ती रोज लटकलेली, आणि समोरच्या काकू हमखास विचारायच्या, काय गं, आजपण का? पोरगा तेव्हा सात वर्षांचा, तो आतून सगळं ऐकायचा हे मला फार उशिरा कळलं. एक दिवस वॉशिंग मशीनमागे ओल्या चड्डीचा बोळा सापडला, म्हणजे पोरगं रात्री एकटंच उठून अंधारात कपडे बदलून, ते लपवून परत त्याच ओल्यावर झोपलेलं. पोटात कालवलं अगदी.

तर आधी आपल्या डोक्यात पक्कं करा की हे मुद्दाम नसतं आणि आळसही नसतो. मूत्राशय भरलं तरी झोप मोडत नाही, काही मुलांच्या अंगात रात्री लघवी कमी करणारं हार्मोन कमी पडतं, काहींचं मूत्राशयच थोडं लहान. ५ वर्षांच्या १०० मुलांत साधारण १५ जणांना हे असतं, वय वाढेल तसं बहुतेकांचं आपोआप थांबतं. आणि घराण्यातही असतं बरं का. सासूबाईंना विचारलं तर आधी गप्प, मग हळूच म्हणाल्या, "याच्या बाबाची तर तिसरीपर्यंत चालूच होती." मग मी बाबालाच पुढे केलं, झोपताना त्याने सांगितलं तर पोरगं टुणकन उठून बसलं, "खरंच बाबा? मग तुमचं कधी थांबलं?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा या विषयावर तो स्वतःहून बोलला. तुमच्याही घरात असा कुणी मामा, काका असेलच, त्याला बोलतं करा.

रात्री झालंच तर मोठा लाईट नको, उलटतपासणी नको, "परत?" तर अजिबातच नको. आम्ही गादीवर ड्राय शीट, त्यावर चादर, त्यावर परत ड्राय शीट आणि परत चादर असं घालतो, वरची जोडी ओढून काढली की खालचं कोरडं तयार, दोन मिनिटांत पोरगं परत झोपतं आणि आपलंही डोकं तापत नाही (रात्री तीनला सगळ्या चुका तोंडातूनच होतात). चादर बादलीत टाकायला त्याला घ्या सोबत, पण शिक्षा म्हणून नको. सकाळी शाळेआधी अंघोळ मात्र चुकवू नका, वासावरून वर्गात कुणी चिडवलं की ते घरी येऊन सांगतही नाहीत.

कोरड्या रात्रीला चॉकलेट देऊ नका, मीपण दिलेलं आणि फसले, कारण झोपेतलं त्याच्या हातात नाहीच, मग बक्षीस हुकलं की अजून रडू. झोपायच्या आधी आठवणीने शू केली त्याला शाबासकी द्या. बहीणभावांना एकदाच ठणकावून सांगा, यावरून चिडवायचं नाही. पाणी दिवसभर भरपूर, झोपण्याआधी तासभर कमी, संध्याकाळी चहा-कोला बंद, आणि पोट साफ होतंय का बघा, बद्धकोष्ठाने हे वाढतं. तीळगुळाने हे थांबतं असं सांगणारे भेटतील, तीळगूळ खुशाल खाऊ घाला, पण त्या आशेवर राहू नका.

६ महिने कोरडं राहून परत सुरू झालं, तर घरात नवीन बाळ, शाळा बदलली, भांडणं असं काही झालंय का ते आठवा, पण डॉक्टरांनाही दाखवा. लघवीला जळजळ होत असेल, दिवसापण कपडे ओले होत असतील तरीही दाखवाच. खूप तहान लागून वजन उतरत असेल तर त्याच दिवशी न्या, तो डायबेटिस असू शकतो. नाहीतर घाई नसते, पण पोराला त्याचा फार त्रास होत असेल तर ओलं होताच वाजून उठवणारा अलार्म आहे, गोळी आहे, बालरोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्यासमोर पोराची तक्रार करू नका, त्यालाच बोलू द्या.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. निफाडला मामाकडे जायचं म्हटलं की पोटात दुखायचं याचं. आता त्याची बॅग तोच भरतो, दोन चड्ड्या, ड्राय शीट, एक काळी पिशवी, आणि मामीला मी आधीच फोन करून ठेवते, त्याला विचारूनच. मागच्या दिवाळीत चार रात्री राहिला, एक रात्र ओली झाली. मामीने सकाळी चादर धुवून गच्चीवर टाकली आणि विचारलं, चहासोबत खारी खाणार का? तो म्हणाला, चहा नको मामी, दूध दे.