व्हीसीआर चालतोय तोवर कॅसेट डिजिटल करून घ्या

जुना फॉरमॅट जातो तेव्हा आधी मशीन संपतं, कॅसेट कपाटात तशीच पडून राहते. बीटामॅक्स ही व्हिडिओ कॅसेट आली १९७५ ला, व्हीएचएस १९७६ ला, मग १९९६ ला डीव्हीडी आली आणि कॅसेट मागे पडली, तरी फुनाई ही जपानी कंपनी २०१६ पर्यंत व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारं मशीन, बनवत होती. आता आहेत त्या मशीनचेच हेड (टेप वाचणारा भाग) झिजतायत आणि रबरी भाग सैल होतायत. म्हणून घरात व्हीएचएस आणि हाय-८, मिनीडीव्ही या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट असं सगळंच असेल तर ज्याचा प्लेअर मिळणं सगळ्यात अवघड ते आधी उरका.

आधी कॅसेटच्या काचेतून टेप बघा. कडेला पांढरट भुरकट थर दिसला तर ती बुरशी आहे, ती कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालू नका, हेड खराब होतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते, ती साफ करणाऱ्याकडेच द्या. व्हीएचएस असेल तर मागची छोटी प्लास्टिकची टॅब तोडून टाका म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. वर्षानुवर्षं पडून असलेली टेप चिकटलेली नसेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, मगच प्ले करा.

व्हीएचएससाठी व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर डिव्हाइस (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी) आणि कॉम्प्युटर एवढं पुरतं, व्हीसीआरला एस-व्हिडिओचं गोल सॉकेट असेल तर नेहमीच्या पिवळ्या व्हिडिओ वायरपेक्षा तेच वापरा, रंग स्वच्छ येतात. चित्र वरून वाकडं होत असेल किंवा थरथरत असेल तर मधे टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्र स्थिर करणारं यंत्र, लावावा लागतो, महाग प्रकार आहे पण खूप कॅसेट असतील तर माझ्या मते घ्यावाच. मिनीडीव्हीचं वेगळं, त्यात मुळातच डिजिटल डेटा असतो, म्हणून फायरवायर या डिजिटल केबलनेच घ्या, जसंच्या तसं उतरतं, तासाला साधारण १३ जीबी लागतात.

फाइल डीव्हीडीवर लिहून समाधान मानू नका, घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो आणि डिस्क ड्राइव्ह तर आत्ताच नव्या लॅपटॉपमधून गेलेत. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी.

कॅसेट लगेच टाकून देऊ नका, आधी फाइल शेवटपर्यंत बघा, कारण लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडतो आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.