पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात दुखणं, त्रास कमी करणारी काळजी) शिकायचंय? जीपी आणि खेड्यातल्या डॉक्टरांनी सुरुवात इथून करा

"आता काही करता येणार नाही, घरी घेऊन जा" असं मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की पेशंट शेवटी येतो आपल्याकडेच, आणि आपल्याला कॉलेजात यातलं जवळपास काहीच शिकवलेलं नसतं. शिकून घ्या, खरंच जमतं.

ऑनलाइन कोर्सने थिअरी होते, पण तेवढ्यावर थांबू नका. होमकेअर टीमच्या नर्सबरोबर निदान आठ-दहा दिवस घरोघर फिरा, ती पेशंटजवळ बसून गप्प कशी राहते ते बघा, आपल्याला ती सवयच नसते. वाईट बातमी सांगायच्या आधी "तुम्हाला आजाराबद्दल आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?" हे विचारायचं, हे मी अशाच एका नर्सकडून शिकले.

मग मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, सगळ्यात जास्त भीती याचीच. डब्ल्यूएचओची पेन लॅडर (दुखण्याप्रमाणे पायरी-पायरीने औषध वाढवायची पद्धत) १९८६ पासून आहे तरी अजून दुखलं की गोळी असंच चालतं. तसं नको, दुखायची वाट न बघता घड्याळ लावून द्यायचं. आधी ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं औषध) न घेतलेल्या मोठ्या माणसाला साधी, लगेच असर करणारी मॉर्फिनची गोळी २.५ ते ५ मिग्रॅ दर ४ तासांनी, वय जास्त किंवा किडनी कमजोर असेल तर डोस कमी आणि अंतर जास्त. मधेच कळ आली तर दिवसभराच्या डोसचा सहावा भाग जादा, म्हणजे ३० मिग्रॅ चालू असेल तर ५. आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवसापासून!! हे विसरलात तर कुंथून कुंथून बेजार झालेला पेशंट मॉर्फिनच बंद करतो आणि दुखणं परत सुरू. गुंगी बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत उतरते हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर ते घाबरतात. मॉर्फिन ठेवायचे, लिहून द्यायचे नियम आधी बघून घ्या.

बाकी साध्या गोष्टींनीही खूप फरक पडतो. धाप लागत असेल तर चेहऱ्यावर छोटा पंखा. एका आजींच्या छातीवरच्या जखमेला इतका वास यायचा की खोलीत कुणी थांबत नव्हतं, मेट्रोनिडाझोलच्या (वास आणणारे जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्या बारीक कुटून ती पूड रोज ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर टाकायला सुनेला शिकवलं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा नात त्यांच्या उशाशी बसून अभ्यास करत होती.