भंगाराच्या लोखंडातून बागेसाठी बाकडी, स्टँड, शिल्पं: या चुका टाळा

भंगारातून बनवलेलं बाकडं दोन पावसाळ्यांत सडलं की लोक रंगाला दोष देतात. पण बहुतेक वेळा पाणी कुठे साचणार याचा विचार पहिला टॅक (भाग जागेवर धरून ठेवणारा वेल्डचा छोटा ठिपका) मारण्याआधी झालेलाच नसतो. या कामात मी सर्वांत जास्त महत्त्व त्यालाच देईन.

चॅनेल (इंग्रजी ‘यू’च्या आकाराची लोखंडी पट्टी) तोंड वर करून बसवला की त्यात पाणी आणि पालापाचोळा साठतो. तो पालथा बसवा, नाहीतर मध्ये भोकं पाडा. चौकोनी पाइपचं वरचं तोंड पत्र्याने बंद करा आणि खालच्या टोकाला मात्र सहा-आठ मिलिमीटरचं भोक ठेवा. वेल्डिंगमध्ये सुईएवढी छिद्रं राहतातच, त्यांतून ओलावा आत जातो आणि बाहेर पडायला वाट नसली तर पाइप आतून खात जातो. दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून फक्त टॅक मारणं ही आणखी वाईट सवय. त्या फटीत पाणी ओढलं जातं आणि तिथला गंज फुगून जोड उचकटतो. चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड करा, नाहीतर सरळ बोटभर अंतर सोडा. पाय मातीत पुरू नका. खाली चौकोनी प्लेट लावून काँक्रीटच्या उंचवट्यावर उभे करा. लोखंडी कुंडीत थेट माती आणि खत भरलं तर ती आतून झपाट्याने जाते, म्हणून आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा.

रंगाचे पोपडे आधी कडांवर सुटतात, कारण धारदार कडेवर रंगाचा थर पातळ बसतो. ग्राइंडरने कडा किंचित गोल करा. कडा आणि वेल्डवर आधी ब्रशने एक हात द्या, मग सगळीकडे मारा. भंगाराला ग्रीस-ऑइल असतंच. ते थिनरने पुसण्याआधी तारेचा ब्रश फिरवला तर तेलच पसरतं. घासून झालं की त्याच दिवशी प्रायमर लावा, हवा दमट असेल तर काम पुढे ढकला. रेड ऑक्साइड हा अस्तराचा रंग आहे. तेवढ्यावर वस्तू पावसात ठेवली तर तो पाणी शोषतो आणि खालून गंज धरतो. रत्नागिरी-मालवणकडे लोखंडावर खारं बसलेलं असतं, तेव्हा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच इपॉक्सी प्रायमर लावा.

‘गंजलेला लूक’ हवा म्हणून साधं लोखंड उघडं ठेवणाऱ्यांनी थोडं थांबावं. परदेशी बागांच्या फोटोंत दिसतं ते बहुधा कॉर्टेन नावाचं खास पोलाद असतं. त्यात तांबं, क्रोमियम यांसारखे धातू मिसळलेले असतात, म्हणून त्याचा गंज घट्ट बसून आतल्या धातूला वाचवतो. साध्या लोखंडाचा गंज खपल्या होऊन पडत राहतो आणि शहाबादी फरशीवर डाग सोडतो. समुद्राकाठी तर खऱ्या कॉर्टेनचाही भरवसा धरू नये.

आता भंगाराचा पूर्वेतिहास. इथे चूक झाली तर माणूस जखमी होतो, म्हणून हे दोनदा वाचा. पेट्रोल, थिनर किंवा कुठल्याही रसायनाचा जुना पिंप कापू नका, वेल्डही करू नका. रिकामा दिसला तरी आतली वाफ ठिणगीने पेट घेते. जीआय पाइपवरचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपवरचं) जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि वेल्डिंगची ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते. तो पांढरा धूर ओढला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. गूळ खाऊन किंवा दूध पिऊन तो धूर उतरत नाही, आणि कापडी मास्क तो अडवत नाही. जोडाच्या आजूबाजूचं जस्त आधी काढा आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता कडेने उभे राहून काम करा. चकाकणारे क्रोमचे भाग शक्यतो वेल्डच करू नका, नटबोल्टने बसवा. जुन्या दारांच्या, ग्रिलच्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये कुठे लागू झाली. असा रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा आणि मुलांना लांब ठेवा.

मोटारीचे पाटे, कुळवाची पास, जुनी स्प्रिंग वापरून केलेलं शिल्प दिसायला सुरेख होतं, पण दुसऱ्या दिवशी वेल्डच्या शेजारीच तडा दिसतो. या पोलादात कार्बन जास्त असतो आणि ते एकदम थंड झालं की ठिसूळ बनतं. आधी भाग गरम करा, सुकवलेला लो-हायड्रोजन रॉड (वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा, म्हणून तडा टाळणारा) वापरा, मग राखेत पुरून सावकाश निवू द्या. पाणी अजिबात ओतू नका. इतकी सोय नसेल तर बोल्टच बरा.

बाकडं डगमगत असेल तर बहुधा एका बाजूचे सगळे जोड सलग वेल्ड केलेले असतात. आधी सगळीकडे टॅक मारा, माप तपासा, मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून भरा. विदर्भात बसायच्या जागी लाकडी पट्ट्याच लावा, मे महिन्यात उघड्या लोखंडावर बसवत नाही.

रंगाला फुगा आला तर त्यावर नवा रंग मारून झाकू नका. फुग्याच्या कडेपलीकडे घट्ट रंग लागेपर्यंत खरवडा, चकचकीत धातू दिसू द्या, मग प्रायमर आणि दोन हात रंग. त्याच जागी पुन्हा फुगा आला तर पाणी आतून येतंय असं समजा आणि सगळ्यात खालच्या टोकाला भोक पाडा.