विन३२_प्रॉडक्टपासून चार हात लांब

डोमेनमधल्या, म्हणजे एका जागेवरून सांभाळल्या जाणाऱ्या, सगळ्या विंडोज मशीनवर एखादी फाइल बदलायची म्हटली की नव्या माणसाचा हात आधी कॉपीच्या स्क्रिप्टकडे जातो. कॉपी कोणीही करेल. कुठल्या मशीनला गरज आहे ते ठरवणं हे खरं काम, आणि मशीनलाच तिची माहिती विचारणारी डब्ल्यूएमआय क्वेरी त्यासाठीच. ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एका जागेवरून सेटिंग देणारी सोय) आणि डब्ल्यूक्यूएल (या क्वेरींची भाषा) यांची तोंडओळख झालीय असं धरून चालतो.

'अमुक सॉफ्टवेअर असेल त्यालाच फाइल द्या' असा फिल्टर लिहिताना जो तो विन३२_प्रॉडक्ट हा डब्ल्यूएमआयचा क्लास, म्हणजे माहितीचा गट, उचलतो. नावच तसं आहे ना! मीही त्यातच अडकलो होतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. हा क्लास यादी देताना एमएसआयने (विंडोज इन्स्टॉलरच्या फाइलने) बसवलेलं प्रत्येक पॅकेज तपासतो आणि काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्तीही सुरू करतो. तुम्ही नुसतं विचारलेलं असतं, तिकडे विंडोज इन्स्टॉलर कामाला लागलेला असतो. 'व्हेअर'ची अट लावून एकच नाव मागितलंत तरी सुटका नाही, तपासणी सगळ्यांचीच होते. त्यातून फिल्टर ग्रुप पॉलिसीत असेल तर दर रिफ्रेशला हेच: डीफॉल्टनुसार ९० मिनिटांनी, अधिक ० ते ३० मिनिटं इकडेतिकडे. युजर ओरडतात मशीन स्लो झालं, आपण अँटिव्हायरसला शिव्या घालतो. मुद्दाम बंद ठेवलेली सर्व्हिस दुरुस्तीनंतर पुन्हा चालू झालेली सापडू शकते. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआयइन्स्टॉलरच्या नावावर १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग दिसली तर दुसरीकडे शोधत बसू नका. आणि एवढं सोसूनही, एमएसआयशिवाय बसवलेलं सॉफ्टवेअर त्या यादीत येतच नाही!

घाबरू मात्र नका. बाकीच्या बहुतेक क्वेरी नुसत्या वाचतात. सॉफ्टवेअर आहे का ते रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याच्या) अनइन्स्टॉल कीमध्ये बघा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅमची की वेगळ्या जागी असते, तीही बघा. किंवा सरळ फाइललाच विचारा, सिम_डेटाफाइल हा क्लास वापरून. फक्त पूर्ण पाथ द्या आणि प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहा. नुसतं एक्स्टेन्शन दिलंत तर अख्खी डिस्क चाळली जाते. व्हर्जन मजकूर म्हणून येतं, आणि मजकुराच्या हिशेबात ९ हा १० पेक्षा मोठा. तुलना पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या स्क्रिप्टच्या भाषेत), व्हर्जन टाइपमध्ये बदलूनच करा.

सिनियर जुनी स्क्रिप्ट देतील, वर 'चालतेय, हात लावू नकोस' हेही सांगतील. माझ्या मते ज्याला स्वतःच्या स्क्रिप्टमधली ओळ समजावता येत नाही, त्याच्याकडून चहा घ्यावा, स्क्रिप्ट नाही. तिच्यात बहुधा डब्ल्यूएमआयसी हे डब्ल्यूएमआयचं जुनं कमांड लाइन टूल असेल. विंडोज १० च्या २१एच१ आवृत्तीपासून ते निवृत्तीच्या वाटेवर आहे. गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट ही जुनी कमांड तर पॉवरशेल ७ मध्ये नाहीच. त्यांच्या जागी गेट-सिमइन्स्टन्स शिका. रिमोट मशीनशी ते डीफॉल्टनुसार ५९८५ पोर्टवरून बोलतं, त्यामुळे नेटवर्कवाल्यांकडे एकच पोर्ट मागायचं असतं.

उत्तर न देणाऱ्या मशीनची यादी वेगळी ठेवा. बंद पडलेला लॅपटॉप 'अपडेट झालेला' नसतो, आणि रिपोर्टमध्ये या दोघांची सरमिसळ फार सहज होते. फाइल वापरात असेल तर नवी प्रत बरेचदा रीबूटनंतरच जागेवर बसते, तेव्हा तीच क्वेरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालवा. तिकीट त्यानंतर बंद करा.